मृगातला ढग

या वहीत शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले. वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागते, कारण ज्यांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं त्या गुरुजींबद्दल लिहिते आहे.

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं. शाळा सुटली की गुरुजी एका पिंपाभोवती फिरत. पिंपावर जाड काच, तिच्यावर दुसरी काच, मधे कुरुंद दगडाची खरखरीत पूड आणि पाणी. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. दुर्बिणीचा आरसा करण्यात त्यांचं दीड वर्ष गेलं. बाया घागरी घेऊन जाताना म्हणायच्या, "गुरुजी, लई बारीक दळून राहिलेत. भाकरी कधी?" ते म्हणायचे, "यानं भूक वाढती, मावशी."

वर्गात ते ताऱ्यांचं सांगायचे. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली वायू आणि धुळीचा ढग आहे, त्यात तारे जन्मतात. बारके तारे जपून जळतात, थोरले घाईत जळून फुटतात, त्यांच्या धुळीतून पुन्हा नवे होतात. शेजारची तांबडी आर्द्रा अशीच संपत आली आहे. ती फुटली की मग काय, असं मी विचारलं. मी सहसा विचारत नसे. गुरुजी म्हणाले, "तिचं काही वाया जात नाही, पोरी. तुझ्या रक्तातलं लोखंडबी असल्याच मेलेल्या ताऱ्याचं हाय."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. चैत्रात तिन्हीसांज सरल्यावर, मृग मावळतीला कलला असताना, त्यांनी दुर्बीण लावली. सगळा गाव आला. मी पाहिलं, खरंच पांढुरका ढग होता. मागून एक म्हातारे म्हणाले, "मृगात ढग भरलाय. औंदा पाऊस हाय." गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी माणसं त्यांच्याकडं पहिल्यांदाच आली होती.

आबा, म्हणजे माझे वडील, तेवढे आले नव्हते; घरी येऊन मी त्यांना सांगितलं, मी डोळ्यांनी ढग पाहिला. आबांनी पावसाची वाट न बघता सगळं बी कोरड्या रानात पेरलं. मृग गेला, आर्द्रा गेली. बी मातीतच भाजलं. माझी शाळा सुटली. आईबरोबर मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले.

गुरुजी घरी आले, ओट्यावर बसले नाहीत. बियाण्याचे पैसे मी देतो म्हणाले. आबा म्हणाले, "तुमी का द्यावं? पेरलं म्या."

"बोलायचं तवा मी गप बसलो," गुरुजी म्हणाले.

पहिले पैसे त्यांनी दुर्बीण विकून दिले. पिंप दारात पालथं पडून राहिलं. नंतर ते आकाशाचं बोललेच नाहीत. एकदा खडीवर मला शोधत आले, शाळेत चल म्हणाले. मी खडी फोडत राहिले. घरात माझ्या मजुरीशिवाय पीठ येत नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं?

पुढं काही वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला, मास्तर लोकांच्या बदल्या झाल्या. गुरुजींनी आपल्या गावाकडची, अर्धापूरची बदली मागून घेतली. तिथून मनीऑर्डरी येत, कधी दोन महिन्यांनी, कधी सहा. आबा म्हणत, पुरे म्हणून लिही. मी लिहिलं. तरी येत राहिल्या.

शेवटची त्यांच्या बायकोच्या नावानं आली. खाली दोन ओळी होत्या. हे गेल्या महिन्यात गेले, तुमचं एवढंच राहिलंय म्हणून सांगून गेले.

आबांनी नोटा दोनदा मोजल्या. बियाण्याचे पैसे पुरे झाले होते.