भिंत नसलेल्या गावाची वेस

"मांगं फिरा! वेशीतून या!"

आम्ही वाशिमची सहा रिटायर मंडळी गुडघ्यांना दम देऊन रविवारी टेकड्या चढतो. आसेगावकडच्या डोंगरातल्या एका जुन्या गावात पहिल्यांदा गेलो, तेव्हा हे ओरडणं अंगावर आलं. ओरडणारे आबाजी, हातात खुरपं, वांग्याच्या मळ्याचे मालक.

आता तुम्हीच सांगा. गावाचा तट कधीच पडला, त्याचे दगड लोकांच्या गोठ्यांत गेले. उरली एकटी दगडी वेस, मोकळ्या माळावर. डावीकडून बैलगाडी जाते, उजवीकडून ट्रॅक्टर. आणि हा माणूस म्हणतो, वेशीतून या! आम्ही मागे फिरून कमानीतून आलो, तेव्हा कुठं पाणी मिळालं.

"आबाजी, बाजूनं आलो तर काय बिघडलं?"

"तुमी कोनाच्या घरात खिडकीतून जाता का?"

एकदा आमच्यातला एकजण पाय मुरगळून लंगडत बाजूनं आला. आबाजींनी त्याला पाठंगुळीला घेतलं, बाहेर नेलं, वेशीतून परत आणलं आणि मगच हळद लावली.

पुढं रस्ता रुंद करायचं निघालं आणि वेस नेमकी मध्ये आली. मोजणीचे साहेब म्हणाले, "वापरात असेल तर रस्ता वळवतो. नसेल तर पाडावी लागेल. बुधवारी बघायला येतो." आबाजी घरोघरी हात जोडत फिरले. मलाही फोन आला. "मास्तर, मानसं घेऊन या. माही वेस चालली." आवाज इतका बारीक झाला होता की मला ओळखूच येईना.

बुधवारी अख्खं गाव वेशीतून चाललं होतं. आम्हीही. आत जायचं, तुरीच्या आडून वळसा घालायचा, पुन्हा यायचं. साहेब खुर्चीवर बसून कागदावर रेघा मारत होते.

"आबाजी, ही म्हैस तिसऱ्यांदा आली."

"तिले गाव लय आवडते, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगा. रोज किती जण जातात इथून?"

मी मनात म्हणत होतो, आबाजी, आज एक दिवस खोटं बोला हो! त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"खरं इचारता तं मी एकलाच, साहेब. सकाळी मळ्यात जातो, सांजच्याले येतो."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी सगळ्या रेघा खोडल्या, एक ठेवली आणि खाली लिहिलं, 'रोज वापरात आहे.'

रस्ता वळला. आबाजी मात्र गेल्या दिवाळीनंतर झोपेतच गेले. मी लहान पोरासारखा रडलो, सांगायला लाज कसली. गाव पुन्हा बाजूनं जाऊ लागलं. पण कागदावर 'रोज' लिहिलंय, त्याचं काय? शेवटी आम्ही सहा जणांनी वार वाटून घेतले. सोमवार माझा. एसटीनं जातो, वेशीतून आत, वेशीतून बाहेर, की परत वाशिम. बायको म्हणते, डोकं फिरलंय. फिरलं असेल.

सातव्या वाराला माणूस कमी पडत होता. साहेबांची आता रिसोडला बदली झाली आहे. गुरुवारी ते येतात.