अजून गरम हाय

आप्पांचा उजवा तळहात कायम काळपट असायचा, कारण रोज एकदा तरी तो गाडीच्या इंजिनावर टेकलेला असे. आप्पा म्हणजे माझे वडील. उमरग्यात त्यांचं खताचं दुकान होतं, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली कुबड आल्यासारखी जर्मन गाडी होती. तिचं इंजिन मागं, आणि तेही पाण्यावर नाही, वाऱ्यावर थंड होणारं. तुळजापूरला गेलो की कुणीतरी भला माणूस पाण्याची बाटली घेऊन यायचा आणि कुठं ओतू म्हणून विचारायचा. "हिला नगं, मला द्या," म्हणत आप्पा ती पिऊन टाकायचे. दसऱ्याला आई सवयीनं पुढं हळदकुंकू वाहायला लागली, की तिला हाताला धरून मागं न्यायचे.

या गाडीचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते, आप्पा स्वतः लावत. इंजिन पुरतं निवल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि आमच्याकडच्या उन्हात ते लवकर निवत नसे. तळहात ठेवायचे, "अजून गरम हाय" म्हणायचे आणि चहा मागवायचे. मग पुलीवरची खाच रेघेवर आणायची, वायर जोडलेला छोटा बल्ब माझ्या हाती द्यायचा आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर अगदी हळू फिरवायचा. बल्ब पेटला की मी "हं" म्हणायची, आणि ते तिथंच नट आवळायचे. माझ्या त्या "हं"वर त्यांचा पूर्ण भरवसा होता. तसा भरवसा माझ्यावर पुन्हा कुणी ठेवला नाही.

माणसांनाही ते हाच नियम लावत. गिऱ्हाईक भांडायला आलं, तर त्याला चहा पाजून उद्या या म्हणायचे. शांत माणूस म्हणून गावात त्यांचं नाव होतं. मला त्या शांतपणाची अजून चीड येते.

कॉलेजातल्या ज्या मुलाशी मी लग्न ठरवलं, तो आमच्या जातीतला नव्हता. आप्पा ओरडले नाहीत. "आत्ता डोकं गरम हाय, माय. थंड झाल्यावर बोलू," एवढंच म्हणाले. लग्नाला आले नाहीत. मी सोलापूरहून फोन करायची, तो आई उचलायची, आणि आप्पा बोलतील का विचारलं की हळूच म्हणायची, अजून नाही. मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी अजून नाहीच.

मग एक दिवस त्यांनीच बोलावलं. एसटीत बसल्यापासून मी एकच घोकत होते: त्यांनी एकदा तरी म्हणावं, माझं चुकलं. घरी पोचले, तर गाडीचं मागचं झाकण उघडं. आप्पांनी बल्ब माझ्या हाती दिला. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. बल्ब पेटला, मी "हं" म्हटलं, गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला.

"आप्पा, तुम्ही लग्नाला का आला नाहीत?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे की आता. थंड झालंय समदं," ते म्हणाले आणि फडक्याला हात पुसत आत गेले.

संध्याकाळी मी परतले. पुढं काही महिन्यांत ते गेले. भेटायला आलेला जो तो सांगत होता, आप्पा कधी कुणावर तापले नाहीत. मी ऐकून घेतलं. इंजिनावर रोज हात ठेवून बघणाऱ्या माझ्या बापानं, इतक्या वर्षांनी दारात आलेल्या लेकीवर तो एकदाही ठेवला नव्हता.