चेंडूपासून लांब पळणारा जावई

आमच्या जावयाइतका देश हिंडलेला आणि आमच्या जावयाइतका देश न पाहिलेला दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नसेल, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. गोवा झालं, कोलकाता झालं, केरळ झालं, पार वर डोंगरात शिलाँग झालं. पण विचारावं, "जावईबापू, गोव्याचा समुद्र कसा असतो हो?" तर तो डोकं खाजवून म्हणणार, "समुद्र लांब हुता मामा. मैदान मात्र लई भारी. गवत बारीक." कोलकात्यात काय पाहिलं? एक मैदान, एक हॉटेल आणि एक हाडांचा डॉक्टर. शिलाँगला काय पाहिलं? "तिथला डॉक्टर चांगला हुता, मामा. मराठी कळायचं न्हाई त्याला, पण गुडघा कळायचा." एवढं त्याचं प्रवासवर्णन. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो, जावई आहे, रीत आहे. इथे मात्र मी त्याला तो म्हणणार. अहोजाहो करत बसलो तर प्रेम मागेच राहील.

तो मूळचा कोल्हापूरचा. तिकडे पोरं चालायच्या आधी चेंडू मारतात म्हणे. धंद्याने फुटबॉल खेळणारा, त्यातही पुढच्या फळीत, म्हणजे गोल मारायच्या जागेवर. आम्ही मखमलाबादचे माळकरी-शेतकरी, पिढ्यान् पिढ्या झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला करून नाशिकच्या बाजारात नेणारे. माझी शाळा म्हणाल तर मी गेलो तेवढा गेलो, मग शाळेलाही माझं काही वाटलं नाही आणि मलाही शाळेचं. त्यामुळे लेकीला स्थळ आलं तेव्हा मी सरळ विचारलं, मुलाची नोकरी कुठे? मध्यस्थ म्हणाला, गोव्याला. साखरपुड्याला विचारलं तर कोलकाता. लग्नात त्याच्या चुलत्याला विचारलं तर तो म्हणाला, "आता चेन्नईला जायलाय वाटतं." मी मंडळीला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, ह्या पोराला एक जागी कुणी ठेवत नाय, आपण पोरगी देऊन बसलो." ती म्हणाली, "तुमाला तरी मी कुठं ठेवते, जागचे हलत नाय म्हनून ऱ्हाता."

क्लब बदलला की कपडे बदलतात. दर उन्हाळ्यात तो आमच्याकडे आला की पिशवीभर शर्ट टाकून जातो. हिरवे, लाल, पिवळे, पाठीवर नऊचा आकडा. फुलं तोडणाऱ्या बायका साडीवरून पुरुषाचा शर्ट घालतात, हे आमच्याकडे सगळीकडेच. फांद्यांनी हात खरडत नाहीत, साडी मळत नाही. पण आमच्या वावरात हे झालंय की सकाळी बघाल तिकडे नऊ नंबरच वाकलेले. कोलकात्याचा नऊ नंबर शेवंतीत, केरळचा नऊ नंबर झेंडूत, आणि बांधावर बसून तंबाखू मळणारा नऊ नंबर म्हणजे आमच्या सखूबाई, चेन्नईवाल्या. नातेवाईक विचारतात, जावयाने काय आणलं? मी म्हणतो, सगळी टीम आणली.

त्याला बर्फाचं वेड आहे. प्यायला नाही, बांधायला. देवळ्याला माझ्या मेव्हण्याच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता, पाहुण्यांना सरबत द्यायचं म्हणून टपभर बर्फ आणून ठेवला होता. ऐन वेळी टप गायब. शोधाशोध झाली तर जावई मागच्या पडवीत, दोन्ही पाय टपात, आणि भोवती देवळ्याची म्हातारी माणसं बसलेली. प्रत्येकजण आपापला गुडघा दाखवतोय आणि हा तपासतोय. सरबत गरम प्यालं गेलं, पण मेव्हणा अजून सांगतो की त्याच्या घरातल्या कुठल्याच कार्याला लोक इतके खूश होऊन गेले नाहीत.

दुसरं वेड उलटं चालण्याचं. पहाटे कालव्याच्या रस्त्याने हा पाठमोरा निघतो. तोंड गावाकडे, चालणं नदीकडे. कारण विचारलं तर म्हणतो, मांडीचा मागचा स्नायू जागा होतोय. पहिल्या वर्षी शेजारचे तात्या माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "आबा, राग नको मानू, पण पाव्हण्याला हरसूलकडच्या एखाद्या जाणत्या भगताला दाखवून आणू का?" मी म्हटलं, "तात्या, जाणत्याला कशाला तरास? तो तुझ्याकडं तोंड करूनच चालतो हाय, तूच विचार."

हे सगळं मी चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नव्हती. पुढच्या फळीतला माणूस, आणि गोल म्हणाल तर वर्षात बोटांवर मोजावेत, त्यातही एक हात दुमडून. एकदा मी विचारलंच. तेव्हा त्याने झेंडूचे रिकामे क्रेट अंगणात मांडले. "मामा, ही दोन क्रेटं म्हणजे त्यांची माणसं. मी चेंडू सोडून हिकडं पळालो की ही दोघं माझ्या मागं येत्यात. मग मधली जागा मोकळी हुतीया. तिथं आमचा दुसरा येतो आणि गोल मारतो."

"मग नाव कुनाचं होतं?"

"त्याचं."

"आनि तुमाला काय मिळतं?"

"लाथा," तो म्हणाला, आणि क्रेट उचलून ठेवले.

मला ते पटलं नाही. आपण राबायचं आणि पाटी दुसऱ्याने बाजारात न्यायची, असला व्यवहार माझ्या बापजाद्यांनी केला नाही. पण जावयाशी वाद घालू नये म्हणून चहा मागवला.

मग गेल्या आषाढात मी पडलो. झेंडूची रोपं लावून झाली होती, ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि असा आपटलो की उठताच येईना. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात आत सळई घातली. डॉक्टर चांगला होता, दुसऱ्याच दिवशी म्हणाला, आजोबा, वॉकर घेऊन उभं राहायचं. मी म्हटलं, नाही. ते चार पायांचं लोखंडी पाळण्यासारखं घेऊन ज्या गावात मी डोक्यावर पाट्या वाहिल्या त्या गावात फिरू? घरी आणल्यावर मी ओसरीवरच्या खाटेवर पडलो आणि भिंतीकडे तोंड केलं. मंडळी रडली. लेक येऊन भांडली. मेव्हण्याने देवळ्याहून फोन केला की वावर वाट्याने देऊन टाका, आता कशाला जिवाला घोर. आणि डॉक्टरने मंडळीला स्पष्ट सांगितलं की ह्या महिन्यात उभे राहिले तर राहिले, नाहीतर ह्यांची खाट कायमची. ते मी ऐकलं. ऐकून भिंतीकडे आणखी सरकलो. एकदा नाही म्हटलं की नाही, हा माझा स्वभाव, आणि खरं सांगायचं तर उठून पडलो तर काय, ही भीतीही होती. भीती सांगता येत नाही, म्हणून माणूस हट्ट सांगतो.

त्या दिवसांत जावई सुट्टीवर आला. एवढी हाडं मोडून उठलेला माणूस, मला वाटलं आता हा बर्फ घेऊन बसणार आणि व्याख्यान देणार. पण तो चालण्याबद्दल अक्षर बोलला नाही. नमस्कार केला, जेवला, आणि मंडळीला म्हणाला, "मामी, वावराचं मी बघतो."

झेंडू हाताएवढा झाला की शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाड उंच न जाता बाजूने फुटतं, फांद्या वाढतात, फूल दुपटीने येतं. वरचं कोवळं टोक नखाने काढायचं, बस. पावसाने उघडीप दिली होती, काम खुडणीला आलं होतं. खाटेसमोरच्या पहिल्याच सरीत हा पठ्ठ्या वाकला आणि शेंडा सोडून बाजूचे फुटवे खुडायला लागला. मी ओरडलो, "अहो, ते नाय, वरचं, वरचं." त्याने कानाला हात लावला. "काय म्हणालासा मामा? ऐकू येईना." आणि आणखी एक फुटवा गेला. मी खाटेवरून पाय खाली सोडले. पायरीखाली वॉकर पडला होता तो मंडळीने कधी हातात दिला मला कळलं नाही. मी अंगणाच्या कडेपर्यंत गेलो आणि त्याला चांगलं खडसावलं. तो म्हणाला, "बरं मामा, आता बरोबर करतो."

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या सरीत भर दुपारच्या उन्हात पाणी सोडत होता. मी बांधापर्यंत गेलो. मग कधी नळी उलटी जोडली, कधी शेवंतीत खुरपं मुळापर्यंत घातलं. प्रत्येक वेळी चूक नवी आणि जागा थोडी पुढची. ऐकू तर त्याला कधी आलंच नाही. वॉकरचे पाय मातीत रुतायचे, मी ते उपटायचो आणि शिव्या देत पुढे जायचो. मनात म्हणायचो, इतक्या क्लबांनी ह्याला का सोडलं ते आता समजलं.

असं करत एक दिवस मी पार विहिरीच्या टोकाला पोचलो. तिथे हा फुलाला आलेल्या झाडाचा शेंडा धरून उभा. "अहो, आता खुडायची येळ गेली, किती सांगायचं तुमाला," असं म्हणत मी त्याचा हात धरला. हात धरला तेव्हा लक्षात आलं की माझे दोन्ही हात मोकळे आहेत. मागे पाहिलं. वॉकर चार सऱ्या मागे एकटाच उभा होता, आणि त्याच्याही मागे लांब ओसरीवरची खाट दिसत होती. सखूबाई चेन्नईचा शर्ट तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, "आबा, पाव्हण्याला समदं येतं. तुमी निजले का मंग ते आमच्याबरोबर नीट खुडत्यात. तुमच्याम्होरच चुकत्यात."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो विहिरीत बघत होता.

मला राग आला. का येणार नाही? एवढं वय झालेल्या माणसाला पोराने आपल्या मागे पळवावं आणि माणसाने पळावं. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोललो नाही. पण जेवायला मी ओसरीवर ताट मागवलं नाही, आत चुलीपाशी चालत गेलो, आणि मंडळीने भाकरी वाढताना पदर डोळ्याला लावला तेव्हा माझा राग कुठे गेला, मलाच सापडला नाही.

पुढे लेकीकडून कळलं. सुट्टी कधीच संपली होती. एका क्लबचं बोलावणं आलं होतं, सराव सुरू झाला होता, हा आज येतो उद्या येतो करत राहिला आणि त्यांनी दुसरा घेतला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बरं झालं मामा. त्या गावात चहा लई गोड करत्यात." दसऱ्याला आमच्या झेंडूच्या पाट्या बाजारात गेल्या त्या मी स्वतः टेम्पोत चढवून दिल्या, आणि व्यापाऱ्याशी भाव करायलाही मीच उभा होतो. हिवाळ्यात कुठल्याशा छोट्या क्लबाने त्याला उरलेल्या हंगामापुरतं नेलं. उन्हाळ्यात तो परत आला, आणि यंदा अजून कुणाचा फोन नाही. तो तसं दाखवत नाही, पण फोन वाजला की जेवता जेवता उठतो.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून पाटावर बसवायचं, त्यांचे पाय धुवायचे, अनारशांचं ताट द्यायचं, ही आमच्याकडची रीत. लेक म्हणाली, "आबा, तुम्ही खुर्चीवर बसा, नुसतं पाणी लावा." मी म्हटलं, माझ्या बापाने जावयाचे पाय खाली बसून धुतले. मंडळीच्या खांद्यावर एक हात, भिंतीला एक हात, असा मी हळूहळू खाली गेलो आणि चौरंगाएवढ्या बैठकीवर टेकलो. मंडळीने ताम्हन पुढे सरकवलं. जावयाने पाय मागे ओढले.

"मामा, हे पाय नकोत. नखं सुद्धा न्हाईत धड."

"गप बसा."

मी ते पाय हातात घेतले. इतकी वर्षं पाहिलेच नव्हते. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, शेजारच्या बोटाला नखच नाही. एक घोटा लिंबाएवढा सुजून तसाच राहिलेला. नडगीवर जुन्या खुणा, एकीवर एक, जणू कुणी वर्षानुवर्षे तिथेच कुदळ मारत होतं. माझे हात फुलाच्या डिंकाने काळे आणि त्याचे पाय असे. मी पाणी घातलं, बोटांच्या मधून घातलं, घोट्यावर घातलं.

"दुखतात?" मी विचारलं.

नेहमीसारखं तो काहीतरी फिरवून बोलेल असं वाटलं होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हय मामा. लई."

लेकीने त्याच्याकडे वळून पाहिलं. मंडळीने टॉवेल पुढे केला, "पुसा आता, किती येळ." मी टॉवेल मांडीवर ठेवला आणि तिला म्हटलं, गरम पाणी आण. ती म्हणाली, ह्या विधीला गरम पाणी नसतं. मी म्हटलं, आण.