पोवाड्यातले मागचे

पोवाड्याचं शिल्प म्हटलं की लोकांना तलवार हवी असते, नाहीतर डफ. मोहन्यातल्या आमच्या घरात कामगार युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, म्हणून मी शिल्प करायला घेतलं तेव्हा बाबांना मूठ हवी होती. "वळलेली मूठ कर, बघणाऱ्याला लगेच कळतं." मी ऐकलं नाही. मूठ पत्रकावर शोभते. ती घोषणा देते, गात नाही.

बाबा कारखान्याच्या गेटसभांमध्ये पोवाडे गायचे, पण शाहीर म्हणून नाही. ते झीलकरी होते. शाहीर दम घ्यायला थांबला की मागून "जी जी रं जी" म्हणत सूर धरून ठेवणारे. सभेच्या एकाही फोटोत ते नाहीत, याचा मला अजून राग आहे.

मी पत्र्याचा एक उंच, पुढे झुकलेला तुकडा उभा केला. मागच्या तीन बुटक्या तुकड्यांनी त्याला तारांनी ओढून धरलं होतं. नौपाड्यातल्या प्रदर्शनात बाबा आले. त्यांनाच यात पोवाडा दिसला नाही, तर बाकीच्यांना दिसून काय उपयोग?

ते शिल्पाभोवती फिरले. "मूठ नाहीच केलीस ना, हट्टी!" मग मागच्या एका पत्र्याला त्यांनी बोट लावलं. "अगं, हा काढला तर?"

"पुढचा तोंडावर पडेल."

बाबा मोठ्यानं हसले. "शाहिराला सांगू नकोस हं!" आणि त्या तिघांच्या रांगेत चौथे जाऊन उभे राहिले.

"काढ आता फोटो."

मी फोटो काढला.