चार खेपांचे दोरे

एका सकाळी वहिनीचा फोन आला. "नाना थांबी गयात," एवढंच ती म्हणाली. गेले नाही, थांबले. लूमवर जगणाऱ्या घरात हा शब्द रोजचा : दोरा तुटला की यंत्र थांबतं आणि त्या अवचित शांततेत माणसं मान वर करून बघतात. फोन ठेवल्यावर मीही तशीच बघत राहिले... कशाकडे, ते आज महिन्याभरानंतरही सांगता येत नाही.

नाना माझा थोरला भाऊ. खानदेशातून तो सुरतेला गेला आणि कतारगामच्या एका कारखान्यात लूम दुरुस्त करू लागला. शेकडो लूमच्या गदारोळात त्याचे कान हळूहळू विझत गेले, तसे त्याचे तळवे जागे झाले. धडधडत्या लोखंडावर तो हात ठेवी, डोळे मिटी आणि नेमकं काय सैल झालंय ते सांगे. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी सुरतेला गेले, तेव्हा मात्र तो हात लूमवर नव्हता. लोणच्याच्या एका काचेच्या बरणीवर होता.

बरणीत स्टीलचे पत्रे दाटीनं उभे होते. "मन्हं माहेरनं ताट कापी टाकं यासनी," वहिनी म्हणाली, पण तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा कौतुक अधिक होतं. नानानं बॅटरीच्या तारा जोडल्या. क्षणभर काही झालं नाही. मग पत्र्यांच्या कडांवर मोहरीहून बारीक बुडबुडे उमलू लागले, एकामागून एक, जणू पाण्याला आतून धुमारे फुटत होते. पहिल्यांदा हा प्रयोग फसला होता. पाण्यात ‘खारो’ घाल, असं गुजराती किराणावाल्यानं सांगितलं होतं. त्याच्या मनातला खारो म्हणजे सोडा. आमच्या नानानं ऐकलं ‘खारं’ आणि घातलं मूठभर मीठ. घरभर कापड ब्लीच करण्याच्या कारखान्यासारखा पिवळा, जळजळीत वास पसरला. दोघं खोकत ओट्यावर येऊन बसली. "तुम्हना कान बी गयात आणि मन्हं नाक बी," असं वहिनीनं तेव्हा सुनावलं होतं म्हणे.

आता वास नव्हता. बरणीच्या नळीचं टोक नानानं साबणाच्या पाण्यात धरलं, वर आलेल्या एका फुग्याला लांब काडीनं आग दाखवली. टप्प. एवढासा आवाज, पण तो त्याच्या विझत्या कानांनाही ऐकू आला. "माई, पानीमा आग शे," तो माझ्याकडे वळून म्हणाला. इतकी वर्षं मी कवितेच्या शब्दांत पाणी आणि आग एकत्र आणू पाहत होते. त्यानं ती ताटाच्या पत्र्यांवर आणली होती.

त्याच्याकडे जुनी रिक्षा होती. इंजिन मागच्या आसनाखाली. त्यामुळे बरणीही मागेच बसवली. मधे पाण्याची दुसरी बाटली, आग उलटी फिरू नये म्हणून. तिथून नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेत, हा वायू पेट्रोलसोबत जळावा म्हणून. रिक्षा फुलासारखी चालू लागली, पेट्रोल कमी लागतंय असं त्याला ठामपणे वाटू लागलं. वस्तीतल्या तिघा रिक्षावाल्यांनी आपल्याही गाडीला बरणी लावून मागितली. उरलेले कान घेऊन लूममधून बाहेर पडायचं, तर हीच एक वाट होती. नाना हो म्हणणार होता... पण म्हणाला नाही. बरणीचं यंत्र चालू आहे हे ठाऊक असलं की वेगाच्या मुठीवरचा आपला हात आपोआप हलका पडतो, हे त्याच्या तळव्यानं ओळखलं होतं.

मग त्यानं स्वतःलाच अंधारात ठेवायचं ठरवलं. पर्वत पाटियाहून चलथाणपर्यंत चार खेपा. फक्त जाण्याच्या मोजायच्या. टाकीऐवजी टपाला टांगलेली पेट्रोलची काचेची बाटली. दर खेपेला सारखी भरायची आणि पोहोचल्यावर उरलेली पातळी कागदी पट्टीवर आखायची. बरणीचं बटण मागे बसलेल्या वहिनीच्या हाती. काही खेपा चालू, काही बंद. किती आणि कोणत्या, ते तिनं ठरवायचं आणि त्याला सांगायचं नाही. वहिनीला लिहिता येत नसे, म्हणून दर खेपेला एक दोरा : यंत्र चालू असेल तर अखंड, बंद असेल तर तोडून लूमच्या गाठीनं सांधलेला.

मी वहिनीशेजारी बसले होते. उसाची हिरवी, गोडसर हवा तोंडावर येत होती. तिसऱ्या खेपेनंतर बाटलीत चांगलं बोटभर पेट्रोल जास्त उरलं. "तिसरी दख," नाना म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. वहिनी रस्त्याकडे बघत राहिली.

चौथ्या खेपेनंतर त्यानं दोरे मागितले. ओळीनं मांडीवर ठेवले. तिसऱ्या दोऱ्याला गाठ होती.

त्यानं ती गाठ अंगठ्यानं चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. नंतर हसला. "गाडी पानीवर नही, मन्हा मनवर चाले," म्हणाला. त्याच संध्याकाळी तिघा रिक्षावाल्यांना ओट्यावर बोलावून त्यानं हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी लूमवर गेला. पुढे सात वर्षांनी त्याचे कान पूर्ण गेले. मी अनेक विद्वानांच्या सहवासात वावरले. आपल्याच आशेची अशी परीक्षा घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

उत्तरकार्यानंतर वहिनीनं ट्रंकेतून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातावर उलटी केली. मी मोजले. दोरे पाच होते.

"वहिनी, हा पाचवा कशाचा?"

"तिसराना बदलामा काढेल व्हता," ती म्हणाली. दोरा अखंड होता. "तुम्ही बाहेर दखी ऱ्हायंथात, ताई. त्यासले कोठे समजतं?"

"मग दिला का नाहीस?"

तिनं दोरे ओळीनं सारखे केले. "त्यासनी पुढला आरसा आभायकडे फिराई ठेयेल व्हता," ती म्हणाली, "मन्हा हात दिखू नये म्हनीसन."