सुट्टीवर आलीय म्हणून सांग

मी पहिल्यांदा सोलापूर सोडलं त्या सकाळी नळाला पाणी आलं आणि आई स्टेशनवर आली नाही.

सोलापूरकरांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि आलं की लग्नघरातली बाईसुद्धा हातातलं तबक ठेवून नळाकडं पळते. त्या सकाळी माझी बॅग दारात होती, रिक्षा उभी होती, आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!" आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं, मी ते खाल्लं की नाही हेसुद्धा न बघता पदर खोचला. "तू जा की. मी कशी येऊ? पिंपं रिकामी हायती." रिक्षा वळेपर्यंत मला हंड्यांचा आवाज येत होता. वाईट वाटलं का? अजिबात नाही. आई कुठं जाणार होती, घर कुठं जाणार होतं?

अण्णा मात्र आले. माझे वडील चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते स्वतः पोरसवदा असताना कुंभारी गावाहून सायकलवर कामाला आले आणि शहराचेच झाले. कुंभारी इथं हाकेच्या अंतरावर, पण राहायला म्हणून ते परत कधी गेले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "आता मागं बघायचं न्हाय, अश्विनी. हितं काय हाय?"

हितं काय हाय. माझं सगळं बालपण या प्रश्नावर वाढलं. चित्रकलेत बक्षीस मिळालं, तरी हेच. डिप्लोमा करून इथंच नोकरी बघते म्हटलं, तरी हेच. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्याच गावाबाहेर पडलेल्या सगळ्यांनो, तुमच्या घरीही हाच प्रश्न असणार, शब्द थोडे इकडचे तिकडचे. आपल्याला कुणी हाकललं नाही, पण उंबऱ्याकडं तोंड करूनच वाढवलं. आणि आता पेपरात आपल्यावर लेख येतात की या पिढीला मुळं नाहीत, हिला कुठं टिकून राहता येत नाही, हिनं लग्न पुढं ढकललं, घर पुढं ढकललं, मूल पुढं ढकललं, हिला सारखी स्पेस लागते. वाचून मला इतका राग येतो की चहा गार होतो.

मला नोकरी लागली तेव्हा अण्णांच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला होता. माझा पासपोर्टचा फोटो ताणून ताणून एवढा मोठा केला की माझ्या हनुवटीखाली रिक्षावाले सावलीला उभे राहायचे. "गल्लीची शान." आईनं तो फ्लेक्स नंतर उतरवून घरी आणला, कारण चांगला जाड होता. आजही गच्चीवर पाण्याच्या पिंपांवर तोच पांघरलेला असतो. उन्हानं माझं नाक उडालंय, शान अजून वाचता येते.

पुणं झालं, मग बेंगळुरू. तिथं मी शिकले ते आपण सगळेच शिकलो. "शुअर" म्हणायचं, "नो इश्यूज" म्हणायचं, रविवारी लॅपटॉप उघडायचा आणि त्याला ओनरशिप म्हणायचं. आणि घरी फक्त बऱ्या बातम्या पाठवायच्या. प्रमोशनचा केक फॅमिली ग्रुपवर गेला. ऑफिसच्या बाथरूममध्ये छाती धरून बसले होते ते गेलं नाही. "तब्येत?" "मस्त." "जेवलीस?" "हो." आपल्या आधीच्या पिढीला एक नोकरी आयुष्यभर पुरली. आपल्या नंतरच्या पोरी तर जमत नाही म्हणून सरळ राजीनामा टाकतात; माझ्या टीममधल्या एकीला तिचे आईवडील गाडी घेऊन न्यायला आले, येताना तिच्यासाठी डब्यात शिरा. आपण मध्ये सापडलो. आपल्याला राजीनामाही द्यायचा नव्हता आणि रडायचंही नव्हतं.

मग मला काढलं. व्हिडिओ कॉलवर, एका ओळखीच्याही नसलेल्या बाईनं, फार गोड आवाजात. कॉल संपायच्या आत ऑफिसचा लॅपटॉप बंद पडला.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता घरी जायचं. इतकी वर्षं दर फोनला विचारत होते, "कधी येणार? कधी येणार?" घ्या, आले. चाळिशी जवळ आली, मागं नवरा नाही, पोर नाही, कुणाला विचारायचं नाही. जे काम मिळेल ते घरून करीन, आईला पाणी भरू लागेन, अण्णांबरोबर संध्याकाळी फिरेन. मी सगळं सामान विकलं आणि दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले.

नोकरी गेल्याचं मी पहिल्याच रात्री दोघांना सांगितलं, तरी पहिले काही दिवस सणासारखे गेले. आईनं कडक भाकरी मोडून दुधात कालवून दिली, मी लहानपणी खायची तशी. मग शेजारच्या शमीम चाची भिंतीवरून डोकावल्या. "कित्ते दिन की छुट्टी है बेटी?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सुट्टी कुटली वो, घरनंच काम चालू हाय तिचं. लई काम." घरात आल्यावर मला म्हणाली, "कुणी विचारलं तर सुट्टीवर आलीय म्हणून सांग. न्हायतर घरनं काम हाय म्हण. दुसरं काय बोलू नगं."

तेव्हापासून माझी ड्यूटी सुरू झाली. फाटक वाजलं की आई स्वयंपाकघरातून सांगायची, "चाची आल्यात. कानात ते घाल की." मी माझा जुना लॅपटॉप उघडून हेडफोन चढवायची. "बोल की काय तरी इंग्रजीत!" मग मी काळ्या स्क्रीनकडं बघून म्हणायची, "येस, येस. कॅन यू हिअर मी?" पलीकडं कुणी नसायचं. चाची ओठांवर बोट ठेवून, चप्पल हातात घेऊन मागच्या पावली जायच्या. माझ्या कामाला एवढा मान माझ्या मॅनेजरनंही कधी दिला नव्हता. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर आई मला हेडफोन देताना माझ्याकडं बघेनाशी झाली, तेव्हा ते थांबलं.

एकदा जेवताना मी विषय काढला. म्हटलं, मी आता इथंच राहणार आहे. अण्णांनी घास खाली ठेवला.

"तुझं नाव सांगून मी गल्लीतल्या किती पोरी भाईर पाठवल्यात. त्यांचे बाप ऐकत न्हवते. मी म्हणायचो, माझ्या अश्विनीकडं बघा. आता तू हितं घरात बसलीस तर चाचींच्या नातीला कोण पाठवील? मला काय विचारतील लोकं?"

"पण अण्णा, कधी येणार म्हणून तुम्हीच तर दर आठवड्याला विचारत होता!"

"सणाला म्हणत हुतो गं," अण्णा म्हणाले.

त्यात राग नव्हता. म्हातारा माणूस काकुळतीला आला होता. त्यांनी माझ्यावरच त्यांचं सगळं मोठेपण उभं केलं होतं, आणि मी ते दोन बॅगांत भरून परत आणलं होतं. मला ते समजलं, आणि समजूनसुद्धा मी त्यांना माफ केलेलं नाही. अजूनही नाही. चाचींची नात जावी, जरूर जावी. पण तिला कुणीतरी हेही सांगावं की परत यायचं झालं तर फाटक वाजव, आम्ही उघडू. आमच्या पिढीला हे वाक्य कुणी ऐकवलं नाही. मला वाटायचं, ते न बोलता कळण्यासारखं असेल.

पुण्यातल्या मैत्रिणीकडं एक खोली रिकामी होती. नोकरी मिळेपर्यंत ये, म्हणाली. मी तिकीट काढलं ते आईला सांगितलं, त्या संध्याकाळी तिनं धपाटे केले आणि चाचींना भिंतीवरून ओरडून सांगितलं, "जाणार की ती! हापिसातनं बोलावणं आलंय!" कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली, आणि गल्लीत कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. मी बॅग उचलली. म्हटलं, "आई, तू थांब, पिंपं रिकामी आहेत." आई साडीच्या निऱ्या सारख्या करत बाहेर आली. "चाची भरतील की. चल, मी येते."

प्लॅटफॉर्मवर तिला मंडईतल्या ओळखीच्या एक बाई भेटल्या. "लेक निघाली पुण्याला," आई सांगत होती, "कंपनी सोडंना की वो तिला." तिचा चेहरा फ्लेक्स लागला त्या दिवसासारखा फुलला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि त्याच वेळी तिचा हात धरून ठेवावासा वाटला. अण्णा खिडकीजवळ उभे होते. या वेळी ते काही म्हणाले नाहीत.

कुणी विचारलं तर मी आजही सोलापूरची म्हणूनच सांगते. तिथं माझं घर आहे, माझा फोटो अजून पिंपांवर आहे, दर आठवड्याला तिथून फोन येतो, कधी येणार म्हणून. मी म्हणते, सणाला. ते मनापासून वाट बघतात, यात मला शंका नाही. फक्त मी आले की मला ठेवून घेणं त्यांना जमत नाही.

आणि आईच्या उभ्या आयुष्यात मी तिला चालू नळ टाकून घराबाहेर पडताना एकदाच बघितलं. ती मला गाडीत बसवायला आली होती.