वारं मोजणारा मीटर

आमच्या घरात माझ्याबद्दल म्हणतात, पोरगी भूमची, पण माल तेरखेड्याचा. तेरखेड्याला फटाके होतात, त्यामुळं माझा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. अब्बा म्हणायचे, हिला माणसांशी बोलायचं काम देऊच नका, यंत्राशी बोलायचं द्या. मग मी डिप्लोमा केला आणि पाण्याचे मीटर बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. घरातल्या नळाला असतात ते छोटे मीटर नव्हेत; पाणीपुरवठा योजनेच्या जाड पाइपांवर बसतात ते, एकट्या माणसाला उचलणार नाहीत असले.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एका योजनेचं काम आलं. धरणावरून निघालेली पाइपलाइन माळ चढून पलीकडं उतरते, वाटेतल्या गावांना पाणी देत जाते आणि सगळ्यात शेवटी एका वस्तीला पोचते. पोचते असं योजनेच्या नकाशात. शेपटाला काय उरतं ते शेपटाला राहणाऱ्यांना विचारावं. त्या वस्तीत माझी खाला राहते, आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यानंतर मला वेणी घालायला, रागवायला आणि ईदचे कपडे शिवायला खालाच होती. खालूंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लकवा झाल्यापासून ते खाटेवरच असतात आणि त्यांचं सगळं खाला खाटेवरच करते. रोज अंथरूण धुवायचं, रोज अंग पुसायचं. इतरांच्या घरी पाणी प्यायला लागतं, खालाच्या घरी माणसाची अब्रू राखायलाही लागतं. वस्तीला टँकर येत होता, त्यावर हे सगळं चाललं होतं.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचा हुकूम असा होता, की प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी एक मीटर बसवायचा. मीटरला सिमकार्ड असतं, ते आकडे थेट तिथल्या साहेबांच्या मोबाइलवर पाठवतं, आणि बसवणारी म्हणून माझ्याही. जिथं पाइपाचं पाणी पोचतं तिथला टँकर बंद, जिथं पोचत नाही तिथला चालू. मला ते पटलं होतं. आता टँकर कुणाच्या ओळखीवर येणार नाही, आकड्यावर येईल, असं मी खालाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. खाला म्हणाली, “आकडा कुणाचा बी असू दे बेटा, पाणी आपलं असू दे.”

वस्तीचा मीटर मी स्वतः उभी राहून बसवला. मीटरच्या आत एक फिरकी असते. पाणी तिला ढकलतं, ती फिरते आणि तिच्या फेऱ्यांवरून किती लिटर गेले ते कळतं. म्हणून मीटरच्या अलीकडं पाइप बराच लांब सरळ लागतो. वळणावर बसवला तर पाणी भोवरे घालत येतं आणि फिरकी चुकते. तिथं नेमकं वळण होतं. गवंडी म्हणाला, “ताई, हितंच बसवा की, कोण बघतंय?” मी त्याला वळणाच्या पुढं पुन्हा खड्डा घ्यायला लावला. दिवसभर तो माझ्या नावानं बोटं मोडत होता. आधी चाळणी, मग मीटर, अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं. बोल्ट एका बाजूनं आवळत सुटायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, नाहीतर मधलं रबर सरकतं. खाला चहा घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आमची पोरगी आहे.

चाचणीच्या दिवशी साहेब येणार होते. साहेब येणार म्हणून वरच्या सगळ्या गावांचे कॉक बंद ठेवले होते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पाणी आलं. चांगलं भरून, धो धो आलं. बायकांनी हंडे, घागरी, पातेली, पोरांच्या आंघोळीच्या बादल्या, जे सापडलं ते भरलं. बादलीनं मोजलं आणि मीटरवर पाहिलं, दोन्ही बरोबर. साहेबांनी विचारलं, मीटर चोख आहे ना? मी म्हणाले, चोख आहे. त्या दिवशी खालानं खालूंना कित्येक दिवसांनी अंगावर पाणी घालून न्हाऊ घातलं.

आता माळावरच्या व्हॉल्व्हबद्दल सांगायला हवं. पाइपलाइन जिथं सगळ्यात उंचावर चढते तिथं एक एअर व्हॉल्व्ह असतो. पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. पण आमच्याकडं माळावर दुसरं पाणी नसतं. मेंढरंवाले तो व्हॉल्व्ह जरा ढिला करायचे, कारंजं उडायचं, मेंढरं प्यायची, बायका घागर भरून न्यायच्या. ऑफिसनं ही चोरी बंद करायची ठरवली आणि व्हॉल्व्हला सिमेंटमध्ये गाडून टाकलं. वरच्या बागायतदारांनी पाइपाला खुशाल जोड मारून मोटारी लावल्या होत्या, तिकडं कुणी फिरकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग खालाचा फोन आला. “बेटा, तुझा मीटर लई पळतोय. नळाला मात्र नुसतं वारं येतंय.”

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, वारं येतं, आणि ते ऐकून बायका हंडे घेऊन धावतात. वारं आलं म्हणजे मागून पाणी येणार. वस्तीत मात्र वाऱ्यामागून वारंच येत होतं. पंप सुरू झाला की पाणी पाइपातली हवा पुढं ढकलायचं. पाणी वरच्या गावांत आणि मोटारींत जिरून जायचं आणि ढकललेली हवा, माळावर सुटायला वाट नाही म्हणून, सरळ खाली वस्तीपर्यंत यायची. फिरकीला काय, तिला ढकलणारं कुणीतरी हवं. ती पाण्यापेक्षा वाऱ्यावर जास्त जोरात फिरत होती. साहेबांच्या मोबाइलवर वस्तीचा आकडा सगळ्या गावांत उजवा दिसत होता. मीसुद्धा तो पाहून खूश झाले होते, आणि त्याच आठवड्यात वस्तीचा टँकर बंद झाला.

मी गेले. टाकीजवळच्या नळाला प्लॅस्टिकची पिशवी लावली, तोटी सोडली. पिशवी टम्म फुगली. खड्ड्यात वाकून पाहिलं तर मीटरचे आकडे पळत होते. मी मोबाइलवर दोन्हीचं चित्रीकरण केलं आणि खालाच्या घरी गेले. तिनं एका वाटीत फडकं बुडवून पिळलं होतं, त्यानं खालूंची पाठ पुसत होती, आणि पिळलेलं पाणी परत त्याच वाटीत पडत होतं. खोलीत वास होता. खालूंना बोलता येत नाही, पण कळतं सगळं. मला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला तिथं उभंच राहवेना. मी बाहेर आले आणि खालाच्या शेळीवर विनाकारण ओरडले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पिशवीचं चित्रीकरण पूर्ण पाहिलं, चहाही मागवला.

“पण रीडिंग तर येतंय ना, मॅडम?”

“साहेब, ते वाऱ्याचं आहे.”

“तुम्हीच म्हणाला होता, मीटर चोख आहे.”

“मीटर चोखच आहे. आपल्याला कोण फिरवतंय ते त्याला कळत नाही. माळावरचा व्हॉल्व्ह मोकळा करा, हवा तिथंच निघून जाईल. मग खरा आकडा दिसेल.”

“आणि मेंढरंवाले परत बसले तिथं तर? ते नाही जमायचं.” त्यांनी कपाळाला हात लावला. “टँकरसाठी वर काय लिहू मी? पाणी पोचतंय, पण ते वारा आहे? हसतील हो मला.”

मी पुष्कळ बोलले. आवाज चढला, बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी मेलेली दिसत नाही, असंही बोलून बसले. त्यानं एवढंच झालं, की पुढच्या खेपेला मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. खाला रोज फोन करायची आणि कधीच थेट विचारायची नाही. म्हणायची, “जेवलीस का? ऊन लई हाय, फिरू नकोस.” मग फोन ठेवता ठेवता, “साहेब काय म्हणले?” शेजारणीनं सांगितलं की ती उन्हातून दूरच्या विहिरीवर जाते, आणि ती गेली की खालू तिच्या नावानं घशातून आवाज काढत राहतात.

शेवटी मी वस्तीतल्या एकाचा घण मागून घेतला आणि भरदुपारी माळावर गेले. लपून वगैरे नाही. सिमेंट चांगलं निघालं. आमच्याकडं शाळेच्या भिंतीला वापरत नाहीत एवढं त्या व्हॉल्व्हला वापरलं होतं. तळहाताला फोड आले, ते फुटले, तेव्हा कुठं व्हॉल्व्ह मोकळा झाला. गंजलेलं तोंड पान्यानं सैल केलं आणि बसून राहिले. पंप सुरू झाला तसा आतून हुंकार आला आणि वाऱ्याचा असा झोत सुटला की भोवतालची माती उडाली. खाली वस्तीत जो वारा पाणी म्हणून मोजला जात होता तो माझ्या तोंडावर येत होता. मी तिथंच वेड्यासारखी हसले.

मोबाइलवर वस्तीचा आकडा शून्य झाला. तो दुसऱ्या दिवशीही शून्य, नंतरही शून्य. शून्याला पाहून एवढा आनंद झालेली माणसं जगात थोडी असतील. आता टँकर येईल, असं मी खालाला सांगितलं. अगदी खात्रीनं सांगितलं.

मग साहेबांचा फोन आला. “मॅडम, तुमचा शेवटच्या वस्तीचा मीटर बंद पडलाय.”

“बंद नाही पडला साहेब. पाणी नाही म्हणून शून्य आहे.”

“असं कसं? परवापर्यंत फुल रीडिंग होतं. एकदम शून्य म्हणजे मीटरच नादुरुस्त. दुरुस्त होईपर्यंत आम्ही मागची सरासरी धरतोय.”

“कशाची सरासरी?”

“मागच्या रीडिंगची. नियम आहे.”

म्हणजे वाऱ्याची सरासरी. मीटर खोटं बोलत होता तोवर त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. खरं बोलला तर नादुरुस्त ठरला. मी फोनवर काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. व्हॉल्व्ह मीच फोडला हेही सांगितलं. ते म्हणाले, “हे तुम्ही बोललात आणि मी ऐकलं नाही. मीटर दुरुस्त करा.” संध्याकाळपर्यंत ठेकेदाराचा निरोप आला: वस्तीला जाऊन मीटर चालू करून ये, नाहीतर उद्यापासून येऊ नको. मीटर चालू करायचा म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे शेंबड्या पोराला कळतं. ह्यांना पोहऱ्यात हवंच होतं, मग तो वारा का असेना.

मी वस्तीला गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. टाकीजवळ पोचले तर नळापासून थेट लिंबापर्यंत हंड्या-घागरींची रांग लागलेली. बायका उन्हात बसलेल्या. खालानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मीटर बंद पडला म्हणून पाणी अडलंय, आमची पोरगी येतीय, तिनं मीटर चालू केला की पाणी सुटंल. मीटर बसवला त्या दिवशी पाणी आलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आकड्यावर पाणी येतं, हे तर मीच शिकवलं होतं.

सगळ्या बघत होत्या म्हणून मी खड्ड्यात उतरले. झाकण काढलं. फिरकीवर फुंकर घातली, ती लगेच फिरली. सगळं जिथल्या तिथं होतं, बोल्टसुद्धा मी आवळले होते तसेच. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी पाना लावून एक बोल्ट सैल केला आणि परत आवळला.

“झालं का वं, ताई?” एकीनं वरून विचारलं.

मी वर आले आणि खालाला हाताला धरून बाजूला नेलं. “खाला, मीटरला काहीच झालेलं नाही. पाइपात पाणीच नाही. आणि टँकरही येणार नाही आता. मी सगळं करून पाहिलं. माझ्या हातात काही राहिलं नाही, खाला.”

खाला माझ्या तळहातावरच्या जखमांकडं बघत होती. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

“हळू बोल,” ती म्हणाली. “ह्यांना आत्ताच नको सांगू. सकाळधरनं उन्हात बसल्यात, जरा सावलीला टेकू दे त्यांना.”

मग ती वळली आणि बायांना मोठ्यानं म्हणाली, “झालं म्हणती पोरगी. जरा वेळ लागंल.” बाया आपापले हंडे नळाकडं सरकवू लागल्या. खालानं आपली घागर उचलली, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली. पाणी येणार नाही हे त्या रांगेत तिला एकटीलाच माहीत होतं.